मरळ, काळा बेडूक आणि विहीणबाई

माकणीच्या शाळेत बलभीमआबांनी शिपाई म्हणून बत्तीस वर्षं घंटा वाजवली. निवृत्तीनंतर ते मासेमारीवर बोलतात. आवाज तोच, पण तास कधी संपतो ते कळत नाही.

पाऊस पडून गेल्यावर मरळीला कुठलं आमिष लावावं, हा त्यांचा खास विषय. आबांच्या जुन्या जेवणाच्या डब्यात घरी केलेले वीसेक बेडूक असतात. धड रबरी चपलेचं, पाय दोऱ्यांचे, पोटाखाली गळ. त्यामुळं त्यांच्या पत्नीची, द्वारकाबाईंची, एकही चप्पल जोडीनं नांदत नाही.

"नितळ पाण्याला पांढरा, गढूळ पाण्याला काळा," आबा मला समजावतात. मी त्याच शाळेत गणित शिकवतो, तरी विद्यार्थी मीच. "सर, गढूळ पाण्यात मरळ डोळ्यानं न्हाय, कानानं जेवती. बेडूक वर तरंगला पायजे, टप टप वाजला पायजे!"

यंदाच्या आखाडात मात्र आबांची इज्जत पणाला लागली. लेक अर्पिताची सासू, सोनारीच्या धुरपताबाई, लग्नाच्या पंगतीत म्हणाल्या होत्या, "माकणीत धरण हाय, पण ताटात मासा न्हाय." वास्तविक ताटात बुंदी होती आणि ती त्यांनी दोनदा घेतली होती. पण आबांनी भर मांडवात शब्द दिला, "माझ्या हातानं धरलेली मरळ तुमाला खाऊ घालीन." त्याला चार वर्षं झाली. कधी विहीणबाई आल्या नाहीत, कधी मरळ आली नाही.

यंदा विहीणबाई आल्या आणि पाऊसही आला, तीन दिवस. तो उघडला तेव्हा आखाडाचा शेवटचा दिवस उजाडला होता. उद्यापासून श्रावण, महिनाभर माशाचं नाव नाही. द्वारकाबाईंनी अंगणात पत्र्याखाली चूल मांडून वाटणसुद्धा वाटलं. मासा तेवढा धरणात होता.

आबांनी खास बेडूक काढला. दोऱ्याचे पाय पायजम्यासारखे दिसतात म्हणून यंदा त्यांनी काळ्या मेंढीची लोकर लावली होती. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, तेव्हा लोकरीत हात आखडता घेणं आबांना शोभलं नसतं. बेडूक घोंगडं पांघरून निघाल्यासारखा दिसत होता.

"बादलीत टाकून बघा की आधी," द्वारकाबाई म्हणाल्या.

"बेडकाला पोहायला शिकवू व्हय?"

धरणावर ड्रमवर फळ्या टाकून होड्या बांधायचा धक्का केलेला आहे. पावसामुळं होड्या धक्क्यालाच बांधून होत्या. पाणी चहासारखं झालेलं. आबांनी दोन होड्यांच्या मधल्या सावलीत अचूक बेडूक टाकला. त्यानं एकदा 'टप' केलं, पाणी पोटभर पिऊन घेतलं आणि शांतपणे तळाला गेला.

"आबा, बेडूक बुडाला."

"दिसतंय मला!"

आबांचा चेहरा उतरला. बेडूक पिळायचा, पुन्हा टाकायचा, पुन्हा बुडायचा. पाचव्यांदा तर त्यांनी ओढलाच नाही. मेंढरांना, लोकरीला आणि 'बादली' शब्द उच्चारणाऱ्या जगातल्या समस्त बायकांना ते नावं ठेवत राहिले. एवढ्यात दोरी ताणली. काठी वाकली. आबा फळीवर पालथे झाले आणि मी त्यांचे पाय धरले.

"सोडू नका, सर!"

"कुणाला?"

"मला!"

दोन किलोची मरळ फळीवर आली. तिच्या तोंडात काळी लोकर, मिशा फुटल्यासारखी. मी हळूच विचारलं, "आबा, ही तर तळाला जेवत होती. मग ते टप टप?"

आबा ओल्या फळीवर बसून इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बत्तीस वर्षं वाजवायची सवय, सर. म्हनलं, माशालाबी घंटा लागत आसंल."

दुपारी धुरपताबाईंच्या ताटात डोक्याचा तुकडा पडला. त्यांनी रस्सा चाखला, काटा बाजूला काढला आणि मान न उचलता म्हणाल्या, "एवढ्याशा माशाला चार वरसं लावली व्हय, आबा?"

द्वारकाबाईंनी घाईघाईनं रस्सा वाढला. आबा मात्र फेटा सारखा करून सरसावून बसले, जणू त्यांचा सत्कारच चालला होता.

"तुमी खावा," आबा म्हणाले. "गावाला निघताना एक काळा बेडूक बांधून देतो. पर तो तरंगला, तर माझ्यावर बोल लावू नका."

विहीणबाईंनी तेवढ्यात दुसरी भाकरी मोडली होती.