सांडलं ते ज्याचं त्याला

भाजी संध्याकाळपर्यंत सुकते. गजाचे किस्से काही सुकत नाहीत. राजापेठेच्या भाजीबाजारात आमच्या ओट्यांवर रोज कोणीतरी एखादा काढतंच. मी बोलायला सावकाश. माझं वाक्य पुरं होईपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं, म्हणून लिहून टाकतो. गजा माझा मुलगा. अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनबॅकर, म्हणजे अडवणारा गडी आहे, तोही पगारावर! या फुटबॉलमध्ये बॉल पायाने कमी आणि हातात धरूनच जास्त पळवतात.

*

सुरुवात अकोल्याला झाली. एका मैदानाच्या कडेला आम्ही टमाट्याचे कॅरेट उतरवत होतो. बॉल काखेत धरून एक धिप्पाड खेळाडू थेट कॅरेटवरच आला. गजाने त्याला कमरेत धरलं आणि अलगद मातीत बसवलं. त्यांचे कोच धावत आले. मी हात जोडले, "साहेब, टमाटे वाचवाले गेला जी. माफ करा."

कोच म्हणाले, "माफी कसली काका? उद्या याला बूट घालून पाठवा!"

*

पुढे पुण्याच्या टीमने गजाला घेतलं. त्यांच्याकडून त्याची पहिली मॅच आम्ही मोबाइलवर पाहिली. शेजारच्या ओट्यावरच्या मंदाबाई वांगी तोलता तोलता म्हणाल्या, "भाऊ, बॉल तं दुसऱ्याजवळ हाय. मंग गजा कावून पळून राहिला?"

"बॉलवाल्याले अडवाचं, बाई. वावरात गोऱ्हा शिरला का आपण अडवतो तसं."

"आता बया! मंग हे शिकाले पुण्याले कायले गेला?"

*

त्याच मॅचमध्ये घोटाळा झाला. आमच्या बाजारात धक्का लागून कोणाची पाटी सांडली, तर आधी माल उचलून त्याच्या पाटीत टाकायचा, भांडण मग. गजाने समोरच्याला पाडलं. बॉल सुटून घरंगळला. असा सुटलेला बॉल जो धरेल त्याचा! गजाने तो उचलला, पुसला आणि त्या माणसाच्या हातात दिला. तो जो पळत सुटला, तो गुण घेऊनच थांबला!

कोच ओरडले, "अरे, तो बॉल आपला होता!"

"सर, सांडला तं त्याच्याच हातून ना!"

*

पुढे गजाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. टीमने सांगितलं, सहा महिन्यांनी चाचणी. गुडघा टिकला तर करार, नाहीतर घरी. गजा आमच्याकडे येऊन राहिला, पण धड जेवेना. त्याला उभं केलं बटाटेवाल्या रशीदभाईंनी. गुडघा सावरल्यावर रोज सकाळी बाजार भरायच्या आधी ते काखेत कोहळं धरून त्याच्या अंगावर पळत यायचे. वय साठ! "गजा, मले पाड, कोहळ्याले पाडू नोको!" पडायच्या जागी मंदाबाई रिकामी पोती अंथरायच्या.

या दोघांचे आभार मी कधी नीट मानले नाहीत. मला शब्द लवकर सापडत नाहीत. सापडेपर्यंत ते दोघं दुसऱ्या कामाला लागलेले असायचे.

*

चाचणीला आम्ही तिघंही पुण्याला गेलो. समोरून एक दांडगा गडी बॉल घेऊन सुटला. गजा वाकला, भिडला, दोघं धाडकन पडले. बॉल सुटला. गजाने त्यावर अंग झोकून दिलं. शिट्टी वाजली, खेळ थांबला. समोरचा उठला, गजा उठेना.

मंदाबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. रशीदभाईंनी डोळे मिटले. कोच धावत गेले, "गुडघा गेला का रे?"

"गुडघा एकदम बेस हाय, सर!" पोटाखाली बॉल तसाच दाबून गजा म्हणाला. "शिट्टी झाली ना? मंग आता देऊ का त्याचा त्याले?"