डिस्कवरचं तेल

माझ्या नवऱ्याचा हात चालायचा. हे आधीच सांगून टाकते. आमच्या सोसायटीत ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीच बोलत नव्हतं, मग मी तरी इथं लपवून कोणाची अब्रू राखू? तोंडावर मी त्याला 'अहो' म्हणायचे. लिहिताना म्हणणार नाही.

चऱ्होलीत आमचा फ्लॅट होता. नवरा चाकणच्या एका कंपनीत होता, गाड्यांच्या ब्रेकच्या डिस्क बनतात तिथं, फायनलला, म्हणजे शेवटच्या तपासणीला. मशीनवरून उतरलेली डिस्क तपासायची, तिला गंज चढू नये म्हणून रस्ट ऑइल चोळायचं, पिशवीत घालून पेटीत ठेवायची, हे त्याचं काम. कोरडी डिस्क पेटीत गेली की सुपरवायझर सगळ्यांसमोर आईबहीण काढायचा. त्यामुळे कोरडं लोखंड दिसलं की नवऱ्याचा हात आपोआप तेलाच्या फडक्याकडे जायचा. घरातल्या विळीलासुद्धा तो तेल लावून ठेवायचा.

मी लग्नाआधी चाकणच्या चौकाजवळ स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरला होते. दुकानाचे मालक मुसलमान, सगळे त्यांना चाचा म्हणायचे. डिस्क न्यायला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चाचा एकच गोष्ट बजावायचे, "पहिले तेल पुसा भाऊ, मग बसवा. तेलावर ब्रेक पकडत नाही." म्हणजे पेटीत जाईपर्यंतची डिस्क नवऱ्याला ठाऊक होती आणि पेटीतून बाहेर आल्यानंतरची मला. एकाच घरात दोन्ही माहिती होती. पण आमच्या घरात माहिती फक्त एकाच बाजूनं वाहायची.

गाडी जुनीच घेतलेली होती. लायसन्स दोघांचं होतं, स्टीअरिंग मात्र त्याचंच. ब्रेक दाबला की पुढून किंचाळल्यासारखा आवाज यायचा आणि पायाखाली पेडल थरथरायचं. शुक्रवारी पहाटे आम्हाला लातूरकडे निघायचं होतं. त्याच्या मावसभावाचं लग्न होतं, तो, मी आणि सासूबाई. म्हणून गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, त्यानं पुढच्या दोन्ही डिस्क आणि पॅड घरीच बदलायचं ठरवलं. गॅरेजचं नाव काढलं तर म्हणाला, "मी बनवतो ती वस्तू दुसऱ्याच्या हातानं बसवून घेऊ व्हय?" त्यात त्याचा अभिमान होता. मला तो अभिमान आवडायचाही, एवढं कबूल करते.

सकाळी नाष्टा झाला आणि आम्ही खाली पार्किंगमध्ये उतरलो. इमारतीखाली अंधारच असतो, म्हणून मोबाइलची बॅटरी धरायचं काम माझ्याकडे. नवऱ्यासाठी बॅटरी धरलेल्या बायकांना वेगळं सांगायला नको. आपण कुठंही धरली तरी ती चुकीच्याच ठिकाणी धरलेली असते.

चाकाचे नट जाम होते. त्यानं पाना लावला, हिसके दिले, मग पान्यावर उभा राहून उड्या मारल्या. पाना निसटला आणि त्याच्या नडगीवर बसला. शिवी माझ्या बापाला गेली. चाक निघालं, डिस्कला पकडून ठेवणारा कॅलिपर निघाला, पण जुनी डिस्क गंजून मागच्या हबला चिकटलेली. त्यानं मोठा हातोडा घेतला. तो घाव घालत होता आणि मी बघत होते. पहिले काही घाव डिस्कवर होते. पुढचे कोणावर होते कोण जाणे. दर घावाला तो एक नाव घेत होता, सुपरवायझर, लाइनवरचा लबाड जोडीदार, मध्येच माझं. पार्किंगभर तो आवाज घुमत होता आणि गंजाचे पोपडे माझ्या पायांवर उडत होते. मी दोन पावलं मागं सरकले, तर म्हणाला, "बॅटरी कुठं चाललीय?" त्याच्या बोटांची सालटी निघून रक्त हातोड्याच्या दांड्याला लागलं होतं. शेवटी डिस्क सुटून खाली पडली, तरी तिला त्यानं लाथ घातलीच.

मग त्यानं नवी डिस्क पिशवीतून काढली आणि एकदम शांत झाला. दोन्ही हातांनी उजेडात फिरवून बघितली, कडेवरून अंगठा फिरवला. इतक्या हळुवार हातानं त्यानं मला वर्षानुवर्षांत धरलं नव्हतं. मला त्या लोखंडाचा हेवा वाटला, आणि त्या हेव्याचा रागही आला. डिस्कवर एका ठिकाणी तेल पुसलं गेलं होतं. ते दिसताच त्यानं हत्यारांच्या पिशवीतून कंपनीतली रस्ट ऑइलची बाटली काढली, फडक्यावर ओतली आणि डिस्क दोन्ही बाजूंनी मन लावून चोळली. फायनलला रोज चोळतो तशीच.

"अहो," मी म्हटलं, "ते पुसायचं असतं."

"काय?"

"तेल. पुसून बसवायची असते डिस्क. नाहीतर ब्रेक लागत नाही."

"मला शिकवायलीस?" तो बसल्या जागेवरून म्हणाला. "माझ्या हाताखालून रोज किती जात्यात, माहीत हाय का तुला? दुकानात खोकी पुसणारी तू!"

"दुकानात होते म्हणूनच सांगते."

तो उठला आणि त्याच तेलकट हातानं त्यानं माझ्या कानशिलात मारली. बॅटरी खाली पडली. कानात शिट्टी वाजायला लागली ती थांबेना, आणि तेल गालावरून मानेवर ओघळलं.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन खाली आल्या. मी त्यांना आत्या म्हणायचे. त्यांनी माझा गाल बघितला, तेल बघितलं, आणि कप पुढं करत नेहमीचंच म्हणाल्या, "गप बस माय. तो रागात असला की बोलूच नाही." त्यांनी आपल्या नवऱ्यापुढं आयुष्यभर तेच केलं होतं. त्यांचा एक दात कसा गेला, ते मला माहीत होतं.

मी चहा घेतला आणि खरोखरच गप्प बसले. त्यानं डिस्क चढवली, पॅड बसवले, चाक लावलं. मी गाडीकडे बघत उभी होते आणि डोक्यात एकच चक्र चालू होतं. बोलले तर आत्ता मार. नाही बोलले तर उद्या पहाटे आम्ही तिघं हायवेवर, पुढं उसाची ट्रॉली आणि आमच्या पुढच्या चाकांना ब्रेक नाही. भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा चीड जास्त होती. मार खाऊन वर अपघातातही मरायचं, ही कुठली रीत?

चिडले की माझ्या तोंडून चाकणच्या गावातली बोली निघते. तो दुसऱ्या बाजूची डिस्क चोळायला बसला तशी मी म्हणाले, "ह्या गाडीत मी बसायची न्हाई. आत्यांनाबी बसू द्यायची न्हाई. आधी तेल पुसा."

त्यानं हातातला पाना भिरकावला. तो माझ्या खांद्याला लागून मागच्या स्कूटरवर आदळला. मी खाली वाकले, ओढणीनं त्याच्या हातातली डिस्क पुसायला लागले. एखाद्या वेडीसारखी पुसत होते. त्यानं माझे केस धरले आणि डोकं मडगार्डवर आपटलं, एकदा आणि मग पुन्हा. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. तो ओरडला. समोरच्या बिल्डिंगच्या गॅलऱ्यांमध्ये लोक उभे होते. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं वाळत घातलेले कपडे भराभर काढले आणि दार लावून घेतलं. तिच्या शेजारच्या गॅलरीतले एक गृहस्थ पेपर हातात धरून कठड्याला टेकून बघत होते, सावकाश.

नवऱ्यानं ती डिस्कही चढवली. ओढणीनं पुसलेल्या भागावर आधी पुन्हा तेल चोळलं, मला दाखवून.

चाकं लागली, जॅक उतरला. तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. चावलेल्या मनगटातून रक्त येत होतं. "विश्वास नाही ना माझ्या कामावर? चल." दंडाला धरून त्यानं मला फरफटत पार्किंगबाहेर नेलं आणि सोसायटीतल्या रस्त्याच्या टोकाला कंपाउंडच्या भिंतीशी उभं केलं. "हितंच उभी ऱ्हा. तुझ्या पायाशी आणून थांबवतो गाडी. हललीस तर बघ."

आत्या लिंबू आणि नारळ घेऊन उभ्या होत्या. गाडीचं काम झालं की चाकाखाली लिंबू आणि पुढं नारळ, हा त्यांचा नेम. त्यांनी वाकून पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं आणि विचारलं, "आधी नारळ फोडू का रे?"

"आधी ट्रायल," तो म्हणाला.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. गप बस.

गाडी सुरू झाली. लिंबू फुटलं. मी भिंतीला पाठ लावून उभी होते, भिंत उन्हानं तापलेली होती. पळायचं सुचलं नाही असं नाही. पण एक मूर्ख आशा माझ्या मनात होती, की त्याचंच खरं निघावं. गाडी थांबावी, त्यानं हसावं, मला चारचौघांत खुळी म्हणावं आणि उद्या आम्ही लग्नाला जावं. मार खाल्लेल्या बाईला अशा आशा लागतात. लाज वाटते सांगायला, पण लागतात.

त्यानं वेग वाढवला. काचेआड त्याचा चेहरा दिसत होता, दात आवळलेले. मग त्याचा चेहरा बदलला. त्याचा पाय पेडलवर गेला होता, हे मला त्या चेहऱ्यावरूनच कळलं. ब्रेक लागला की गाडीचं नाक खाली वाकतं. चाचांच्या दुकानासमोरच्या उतारावर हजारदा बघितलेलं मी. नाक वाकलं नाही. मागच्या चाकांनी काय धरलं असेल तेवढंच, गाडी मात्र येतच राहिली.

मी बाजूला उडी टाकली.

बंपर भिंतीत घुसला, दिव्याची काच माझ्या पाठीवर उडाली. जिथं माझे गुडघे होते तिथलं प्लास्टर निघून आतल्या विटा दिसत होत्या. त्याचं तोंड स्टीअरिंगवर आपटलं होतं. आणि मग चमत्कार झाला. इतका वेळ गॅलऱ्यांत पुतळ्यासारखी उभी असलेली माणसं धडाधड जिने उतरली. कोणी पाणी आणलं, कोणी हळद, पेपरवाल्या गृहस्थांनी तर खुर्ची आणली. आत्या माझ्या अंगावरून पुढं धावल्या. "लागलं का रे लेकरा?" नारळ त्यांच्या हातात तसाच होता. मी हातापायांवर पडलेली होते, कोपर फुटलेलं, आणि मला कोणी काही विचारलं नाही.

त्यानं दार उघडलं. फुटलेल्या ओठातून रक्त शर्टावर गळत होतं. त्यानं गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पहिलं वाक्य बोलला ते असं, "तू हललीस कशाला?"

मी उठले. पायात होत्या त्याच चपलांवर गेटबाहेर पडले. आळंदीपर्यंत रिक्षा, तिथून बसनं चाकणला, माहेरी. शेजारी बसलेल्या मावशींनी माझ्याकडे बघून नाकाला पदर लावला, इतका माझ्या अंगाला रस्ट ऑइलचा वास येत होता. तो कानामागून जायला बरेच दिवस लागले.

काही दिवसांनी माहेरी बैठक बसली. सासरकडून चार जाणती माणसं आली, त्याच्या मामांच्या गाडीतून. नवराही होता, ओठाला टाके घातलेला. त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं की गाडी नीट थांबत होती, पण मी हलले, त्याचं लक्ष गेलं आणि पाय चुकला. तेलाचं नाव नाही. मी तेलाचं सांगितलं तर एकानं हात हलवून बाजूला सारलं, मशिनरीचं आपण काय बोलायचं म्हणून. मग मामा बोलले. माणूस वाईट नव्हता, आवाज मायेचा होता.

"पोरी, नवरा उभी ऱ्हा म्हनला तर उभं ऱ्हायचं होतं की थोडा वेळ. हललीस कशाला?"

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. दारातून आमचं अंगण दिसत होतं, त्यात मामांची गाडी आणि पलीकडं गोठ्याची भिंत.

"मामा, चावी द्या," मी म्हटलं. "लायसन हाय माझ्याकडं. तुमी त्या भितीपाशी उभं ऱ्हावा, मी गाडी आनते. हलू नका फकस्त."

मामांचा हात खिशातल्या चावीवर गेला आणि तिथंच राहिला.