काळी स्क्रीन आणि नवरीचं नाव

ताज्या शाईचा वास आला की मला देगलूरचा अब्बांचा छापखाना आठवतो. शिकायचं म्हणून मी तिथल्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकली होती आणि एका लग्नाची पत्रिका त्यातच केली होती. ती पाहायला नवरीची आई देवणीहून आली आणि नेमकी स्क्रीन काळी पडली. “बिघडली का मशीन?” अब्बांनी हळूच विचारलं. “न्हाई अब्बा. काल स्क्रीन चालवणारा नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकला, तो या जुन्या मशीनला चालंना. काढते.” साध्या डिस्प्लेवर मशीन सुरू करून मी तो काढला, जुना बसवला आणि पत्रिका उघडली. नवरीच्या आईनं लेकीच्या नावावरून सावकाश बोट फिरवलं. पुढे काहीही अडलं की अब्बा गिऱ्हाइकाला सांगायचे, “बसा, पोरगी बघून राहिली.” अडलेल्या मशीनसमोर मी अजूनही त्याच भरवशानं बसते.