काठानं चाललेली ती

आधीच सांगते, मी गणिताची शिक्षिका. तीस वर्षं पोरांना सांगत आले की उत्तर आलं नाही तर रीत चुकली आहे, गणित नाही. भूतखेत, भानामती, अंगात येणं... आमच्या देवळालीत असलं काही कानावर आलं की मी उठून आत जायची. या ग्रुपवरचे अनुभवही मी आजवर गालातल्या गालात हसतच वाचले. त्यामुळे आता मला कुणी हसलं, तर त्याला माझी हरकत नाही.

गोष्ट दुष्काळ पडायच्या आदल्या दिवाळीची, म्हणजे एकाहत्तरची. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. आम्ही दोघंही देवळाली प्रवरेला शाळेत शिकवायचो. आमच्या ह्यांना चालायचं भारी वेड. कॉलेजात असताना मित्रमैत्रिणींबरोबर ते कोकणात समुद्राच्या काठाकाठानं आठ दिवस चालले होते. त्यांची एक पद्धत होती. पायानं फक्त काठ चालायचा. सडक आली की एसटीत बसायचं, खाडी आडवी आली की तरीत बसायचं. डांबरावर चालणं म्हणजे नुसती हमाली, असं त्यांचं म्हणणं. त्या आठ दिवसांच्या गोष्टी मी इतक्या वेळा ऐकल्या होत्या की कुठल्या खाडीला कोण घसरून पडलं हे मला पाठ होतं. आणि प्रत्येक गोष्टीत नलिनी.

नलिनी म्हणजे ह्यांच्या वर्गातली, नगरची. उंच, सडपातळ, पायात कॅनव्हासचे बूट. आमच्या घरी एक फोटो होता, तरीत बसून काढलेला. हे आणि नलिनी शेजारी शेजारी, दोघांचे केस वाऱ्यानं उडालेले. तो फोटो मी पुसायची तेव्हा काच जरा जास्तच घासायची. पण खरं सांगू? फोटोचं मला एवढं नव्हतं. ती घरी आली की दारातूनच ओरडायची, "दत्ता, चहा टाकायला सांग!" दत्ता! मी त्यांची बायको, आणि त्यांचं नाव मी घेतलं ते फक्त उखाण्यात. एरवी 'अहो'. पाहुणी मात्र खुशाल नावानं हाक मारणार, आणि हे "ओ" देणार. मला वाईट वाटायचं नाही, राग यायचा. आणि रागाहून जास्त हेवा वाटायचा. तो मी तेव्हा कुणापाशी बोलले नाही.

त्या दिवाळीत हे म्हणाले, "कुसुम, आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, पण भंडारदरा आहे. तिथं तसंच चालू. एसटीनं शेंडीपर्यंत, मग पाण्याच्या काठाकाठानं रतनवाडी. येताना नावेनं." मी आतल्या आत इतकी हरखले! दोघंच जाणार, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी कळलं की नलिनीही येतेय, ह्यांनीच कार्ड टाकलं होतं.

बसमध्ये ती ह्यांच्या पुढच्याच सीटवर, मान वळवून वळवून बोलत होती. संगमनेरपासून राजूरपर्यंत कोकण, कोकण, कोकण. रात्री शेंडीला एका ओळखीच्या मास्तरांकडे मुक्काम केला. तिथं मी अंथरुणात पडल्या पडल्या ठरवलं, की उद्या हे दोघं पुढं आणि मी मागं धापा टाकत, असं होऊ द्यायचं नाही.

म्हणून सकाळी ओट्यावरून उतरताना मी "आई गं!" केलं आणि पाय धरून खाली बसले. पाय मुरगळलाबिरगळला काही नव्हता. सगळं नाटक. मला वाटलं, हे बेत रद्द करतील, निदान माझ्यासाठी थांबतील. मास्तरांची बायको हळद घेऊन धावली. हे मात्र दोन मिनिटं विचार करून म्हणाले, "मग असं करू. नाव आहेच. नलिनी, तू कुसुमबरोबर नावेनं ये. तिला एकटीला कसं सोडायचं? मी चालत येतो, रतनवाडीला देवळापाशी भेटू."

नलिनीचं तोंड एवढंसं झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! मी नाही तर तीही नाही. आठ वाजता हे एकटेच काठानं निघून गेले, आणि आम्ही दोघी नावेची वाट बघत बसलो.

नाव म्हणजे साधी वल्ह्याची. सोमा नावाचा नावाडी, त्याला रतनवाडीला मिठाची पोती न्यायची होती. त्याचं सामान चढून निघायला साडेदहा वाजले. नलिनी एका टोकाला, मी तिच्या शेजारी, मांडीवर माझी पिशवी. पिशवीत माझी जांभळी साडी होती, पिवळ्या काठांची. पहिल्या दिवाळीला ह्यांनी घेतलेली. देवळात नेसायची म्हणून घडी करून ठेवली होती, अंगावर जुनी खाकी रंगाची होती. वल्ह्यांचा आवाज तेवढा.

तासाभरानं नाव काठाच्या जवळून जायला लागली. डोंगराचं एक नाक पाण्यात शिरलं होतं, त्याला वळसा घातला आणि पलीकडे ओढा दिसला. ओढ्यापाशी हे होते. पांढरा शर्ट, डोक्याला टॉवेल, ह्यांना मी मैलावरून ओळखीन. पण ते एकटे नव्हते.

त्यांच्यामागे एक बाई होती. साडी ओचा खोचून वर घेतलेली. हे उडी मारून ओढ्याच्या पलीकडे गेले, वळले आणि त्यांनी हात पुढं केला. ती हसत होती. एवढं पाण्यावरून स्वच्छ ऐकू येत होतं. हे पुढे निघाले तसा तिनं मागून आवाज दिला, "दत्ता! थांब की रे!"

माझी मान आपोआप नलिनीकडे वळली. दत्ता म्हणणारी मला एकच माहीत होती ना! ती माझ्या शेजारी बसली होती. तोंड उघडं, पण हाक तिनं मारली नव्हती.

"वहिनी," ती म्हणाली, "ही कोण?"

मला एवढंच दिसत होतं, की त्या बाईची साडी जांभळी होती आणि काठ पिवळे.

सोमानं वल्हं थांबवलं. डोळ्यांवर हात धरून बघितलं. "बाई, त्या कोन हायेत? तुमच्या भईन हायेत का?"

"का?"

"न्हाई, चाल तुमचीच हाय. सकाळी तुमी धक्क्यावर आल्ता ना, तशीच. पाय जरा बाहेर टाकून."

मी पिशवी उघडली. साडी होती. इस्त्रीची घडी तशीच. मी हात घालून चाचपली, दोनदा. मग मी ओरडले, "अहो! अहो!" पण दोघांतलं कुणी वळून बघितलं नाही. सोमाला म्हटलं, नाव काठाला घे. तो म्हणाला, "हितं खाली खडक हाय बाई, तळ फुटंल. म्होरं घेतो." पुढे घेईपर्यंत ती दोघं करवंदीच्या जाळीआड गेली होती.

तुम्ही म्हणाल, घाबरलीस का? नाही. भीती नंतर कधीतरी आली. त्या घटकेला मी नुसती जळत होते. मला वाटलं, ह्यांची इथंही कुणीतरी आहे. आदल्या वर्षी एकटेच आले होते ना इकडं! रतनवाडी येईपर्यंत मी मनातल्या मनात माहेरी जाऊन पोचले होते.

रतनवाडीला आम्ही काठावरच बसून राहिलो. सोमा पोती उतरवून गावात गेला. दीडच्या सुमाराला हे आले. एकटे. आणि चेहरा कसा, तर पहिला नंबर आलेल्या पोरासारखा. मी उभी राहिले, काय बोलायचं ते तयार होतं. तेवढ्यात तेच म्हणाले, "काय गं, पाय धुऊन येते म्हणालीस आणि माझ्याआधी पोचलीस? कुठून आलीस, वरच्या पायवाटेनं? साडीसुद्धा बदललीस!"

मग ते नलिनीकडे वळले.

"नलिनी, हिनं तुला सांगितलं का? पाय मुरगळलाच नव्हता हिचा! नाव सुटायच्या आत पळत आली माझ्यामागं. आणि एकटीलाच बसवलं तुला नावेत!" हे हसत होते. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तू सांगितलंस ते बरं केलंस, कुसुम. तुला नलिनीचा हेवा वाटतो म्हणून नाटक केलंस... मला कधी कळलंच नसतं. आणि नावानं हाक मारलीस. अशीच मारत जा."

माझ्या पायाचं नाटक मला एकटीला माहीत होतं. मास्तरांच्या बायकोलाही खरं वाटलं होतं, नलिनीलाही. आणि हेव्याचं तर मी देवापुढंसुद्धा बोलले नव्हते.

नलिनी बोलायला तोंड उघडत होती. मी तिचा हात धरला आणि दाबला, चांगला जोरात. ती माझ्याकडे बघत राहिली आणि गप्प बसली. का केलं मी तसं? आज पन्नास वर्षं स्वतःला विचारतेय. हे माझ्याकडे जसं बघत होते, तसं त्यांनी माझ्याकडे आधी कधीच बघितलं नव्हतं. ती नजर होती दुसरीच्या कमाईची. पण समोर मी उभी होते. मी ती घेतली.

"आणि शेवटी त्या आंब्याखाली जे म्हणालीस ना," हे म्हणाले, "ते मी कुणाला सांगणार नाही. तुलासुद्धा परत बोलून दाखवणार नाही."

संध्याकाळी देवळात जायचं म्हणून मुक्कामाच्या घरी साडी बाहेर काढली. घडी मोडली नव्हती. पण आतून, खालच्या काठाला, हातभर कुसळं चिकटली होती. गवताची, ओली. नलिनी माझ्यासमोर बसली होती, तिनंही बघितली. एकेक कुसळ मी उपटून काढलं आणि चुलीत टाकलं.

"वहिनी, दत्ताला सांगून टाका," ती म्हणाली.

"काय सांगू? की तुम्ही चार तास ज्या बाईशी बोललात ती मी नव्हते?"

त्यानंतर नलिनी आमच्याकडे फारशी आली नाही, पत्रं येत राहिली, आणि गंमत बघा, तिच्यावरचा माझा सगळा राग निघून गेला. तिनं ती गोष्ट कधीच उघड केली नाही. तिच्याएवढी माझी जवळची कुणीच राहिली नाही.

हेवा मात्र गेला नाही, त्यानं फक्त घर बदललं. ह्यांनी मला पुढं कितीदा तरी त्या दिवसाची आठवण करून दिली. पोरं झाली, बदल्या झाल्या, श्रीगोंद्याला राहिलो, परत देवळालीला आलो. जरा कुठं माझा आवाज चढला की म्हणायचे, "भंडारदऱ्याला कशी मोकळी बोलत होतीस!" मी नवी साडी नेसले की, "ती जांभळी कुठं आहे गं?" ती मी केव्हाच देऊन टाकली होती. आंब्याखाली ती काय बोलली, ते मला आजतागायत माहीत नाही. विचारणार कसं? बोलणारी मीच ना! एकदा आडून विचारलंसुद्धा, "आठवतंय का हो, मी तेव्हा काय म्हणाले होते?" हे नुसते हसले. म्हणाले, "त्याच्यावर तर एवढी वर्षं काढली."

आणि मी कशावर काढली? मी त्यांचा स्वयंपाक केला, दोन आजारपणं काढली, त्यांच्या आईचं सगळं केलं. पण ह्यांच्या मनातली बायको म्हणजे ती, चार तासांची.

दोन वर्षांपूर्वी हे गेले. जायच्या आठवडाभर आधीची दुपार. मी उशाशी बसून चमच्यानं पाणी देत होते. म्हणाले, "कुसुम, त्या दिवशीसारखी एकदा नावानं हाक मार."

मला तोपर्यंत जमलं नव्हतं. पंचाहत्तरीला आले तरी 'अहो'च. पण त्या दिवशी म्हटलं, आता कुणाची लाज! घसा साफ केला आणि म्हणाले, "दत्ता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. फार प्रेमानं बघितलं. माझा हात थोपटला आणि म्हणाले, "असू दे. तशी नाही येत आता."

ती कोण होती, माझं सगळं तिला कसं ठाऊक होतं, याला माझ्याकडे रीत नाही आणि उत्तरही नाही. नलिनीलाही परवा फोनवर विचारलं, तीही म्हणाली, वहिनी, मला आजही तो आवाज ऐकू येतो, पण कळत काही नाही. मी फोन ठेवला आणि घरात कुणी नव्हतं म्हणून मोठ्यानं म्हणून बघितलं, "दत्ता! थांब की रे!" मला तिच्यासारखं म्हणताच येत नाही.