हौसाबाईंची इंग्रजी

कोपरची विनिता घरून पाच कोरियन मुलांना ऑनलाइन इंग्रजी बोलायला शिकवायची. मुलं हुशार, पण चुकायच्या भीतीने तोंडच उघडायची नाहीत. चित्रं दाखवली, खेळ घेतले, तरी सगळी गप्पच. शेवटी एका दुपारी तिने सासूबाईंना, हौसाबाईंना, शेजारी बसवलं आणि म्हणाली, "आज तुम्ही यांना शिकवायचं."

हौसाबाईंनी विळी वर धरली. "व्हॉट धिस?"

"नाइफ," छोटी सोयुन हळूच म्हणाली.

"नाइफ नाय गं, विळी! आय सिट, आय कट!"

मुलं खदखदून हसली. "ग्रँडमा, व्हाय सिट?" "व्हॉट यू कट?" सगळी एकदमच बोलायला लागली. चुका ढीगभर झाल्या, पण विनिताने एकही सुधारली नाही. तास संपला तरी कुणी जाईना.

"टुमारो आय कम!" हौसाबाईंनी परस्पर जाहीर करून टाकलं.