गुठळी, सुई आणि शेवंताक्का

हॉस्पिटलातले किस्से मुद्दाम जपावे लागत नाहीत. पेशंट घरी जाताना चार्जर विसरतो, डबा विसरतो आणि एखादा किस्साही मागे ठेवून जातो. चार्जर न्यायला कुणीतरी परत येतं. किस्सा न्यायला कुणी येत नाही, मग ते साठत जातात.

मी दिल्लीत शिकले आणि ठरवून बेळगावला परतले. माझं काम रक्ताच्या गुठळ्यांचं. ऑपरेशन झालं, बाळंतपण झालं, माणूस फार वेळ पडून किंवा बसून राहिला, की पायाच्या शिरेत रक्त गोठू शकतं. पाय सुजतो. त्यातला तुकडा सुटून फुप्फुसात गेला तर जीवच जातो. आणि हे बहुतेक वेळा टाळता येतं! हे वाक्य मी इतक्यांदा म्हणते, की आमच्या वॉर्डातली सिस्टर कमळाक्का मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणून मोकळी होते.

औषधं सगळ्यांना साधारण तीच. वाद मात्र प्रत्येकाशी वेगळा घालावा लागतो.

*

हिंडलग्याचे एक आप्पा. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. घरी गेल्यावरही गुठळी होऊ नये म्हणून काही दिवस पोटात बारीक सुई टोचून घ्यायची होती. मुलाला शिकवून पाठवलं.

शेजारणीनं खिडकीतून बघितलं. पोटात सुई म्हणजे आमच्याकडे एकच अर्थ. कुत्रं चावलंय! संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं. आप्पांचा स्वतःचा मोत्या, जन्मात कुणावर भुंकला नसेल, त्याला पोरांनी साखळीनं खांबाला बांधलं. लांबून भाकरी फेकायला लागले.

आप्पांचा फोन आला. "डॉक्टरीणबाई, सुई मला आणि शिक्षा मोत्याला! त्याचं एक सर्टिफिकेट द्या बघू."

दिलं नाही. पण कमळाक्कानं फोनवर शेजारणीची अशी हजेरी घेतली, की मोत्या तासाभरात सुटला.

*

वडगावचे अण्णा, हातमागावर साड्या विणणारे. गुडघा बदलला होता. दुसऱ्या दिवशी चालवायचं म्हणून आमचा फिजिओ बसवराज कानडीतून उठवतोय, "एळ्री अण्णा, एळ्री!" आणि शहापूरहून बघायला आलेले पाहुणे त्यांना दोन्ही हातांनी गादीवर दाबतायत. "उठू नगा अण्णा, आमी हाय की!"

एका मावशीनं तर मलाच विचारलं, "आजारी माणूस असा चालाय लागला, तर आमी शहाळी कुणासाठी आणलीत?"

पाहुण्यांपुढे चालणं म्हणजे त्यांचा अपमान, हे अण्णांनाही पटत होतं. मग मी म्हटलं, निदान झोपल्या जागी तरी पाय हलवा. पोटरी हलली की रक्त वर चढतं. मागाखाली पायांनी पावड्या दाबता ना, अगदी तसंच.

तेवढं पुरलं. पाहुणे गप्पा मारायचे आणि चादरीखाली अण्णांचे पाय चालायचे, डावा, उजवा, डावा, उजवा. शेवटच्या दिवशी राउंडला गेले, तर पाय सुरूच.

"काय अण्णा, कुठवर आलंय?"

"पदराला लागलोय!" अण्णा म्हणाले.

*

निपाणीच्या पारूबाई विड्या वळतात. मांडीवर सूप, मांडी घातलेली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत तशाच. एकदा गुठळी होऊन गेलेली, गोळी चालू. मी सांगितलं, तासा-तासानं उठायचं. लेकानं मोबाईलवर अलार्म लावून दिला. अलार्म वाजायचा, पारूबाई बोटानं दाबायच्या, विडी पुढे चालू!

मी रागावले. म्हटलं, मग तांब्याभर पाणी जवळ ठेवा आणि पीत राहा.

पुढच्या खेपेला पायाची सूज उतरलेली. "उठता ना आता?"

"न उठून सांगू कुणाला? अलार्मला दाबून गप बसवता येतंय. पाण्याला न्हाय!"

*

माझा सगळ्यात जुना वाद मात्र गावातला. मी बेळगुंदीची. आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावायला शेवंताक्का. मलाही तिनंच चोळून मोठं केलं.

रूपा माझी वर्गमैत्रीण, आणि ती गरोदर होती. तिची थोरली बहीण बाळंतपणातच गेली. पाय सुजला होता, मग एका सकाळी दम लागला आणि गाडी येईपर्यंत संपलं. गाव म्हणतं, वारं लागलं. मला वाटतं, गुठळी. म्हणून रूपाच्या बाबतीत मी जास्तच पेटले होते.

समाजमंदिरात बायकांना जमवून मी चित्रं दाखवली. सव्वा महिना पडून राहू नका. रोज दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजा. एक पाय जास्त सुजला, गरम लागला, तर चोळायचा नाही, तडक दवाखाना.

"चोळायचा नाही" म्हटल्यावर सगळ्या शेवंताक्काकडे बघायला लागल्या. थोरलीचा तो पाय कुणी चोळला होता, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यानंच ती गेली असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही, आणि सांगितलंही नव्हतं.

शेवंताक्काच बोलली. "टेप शिंप्याकडं असतोय गं पोरी. पोटरीचं माप घिऊन काय झंपर शिवतीस व्हय?"

सगळ्या हसल्या. जरा जास्तच. सभा संपली!

घरी येऊन मी आदळआपट केली. आई म्हणाली, "तिनं पाय चोळलं म्हणून तर असं आपटाय येतंय तुला."

*

रूपाचं सिझर आमच्याकडेच झालं. मुलगा. वॉर्डात ती चालली, सुया घेतल्या, सगळं बिनबोभाट. घरी जाताना मी तिच्या आईला बजावलं, अजून काही दिवस सुया चुकवायच्या नाहीत आणि हिला घरात तरी फिरवायचं.

"थोरली अशीच फिरली गं वाऱ्यात," आई म्हणाली. "एक गेली. ही मी भुईला पाय लावू देणार न्हाय."

कमळाक्कानं सुयांचं पाकीट तिच्या पिशवीत घातलं.

*

एका सकाळी ओपीडीच्या दारात रिक्षा थांबली. आधी शेवंताक्का उतरली, मग तिच्या खांद्याला धरून रूपा. मागे बाळाला घेऊन तिची आई, रडून डोळे सुजलेले.

"आक्का, काय झालं?"

"हिच्या आईनं पोट लुगड्यानं आवळून बांधलंय. त्येच्यात सुई कुठं टोचायची? बंद केल्यात सुया," शेवंताक्का म्हणाली. "आन् सूज उतरून जाईल म्हणून डाव्या पायाला तेल लाव म्हणत्यात."

मी विचारलं, "लावलंस?"

तिनं पिशवीतून तेलाची वाटी काढून टेबलावर ठेवली. काठोकाठ भरलेली, वर ताटली घालून फडक्यात बांधलेली. मग कनवटीचा एक काळा दोरा काढला, गाठ मारलेला.

"ही गाठ उजव्या पोटरीची. डावीला फिरवला तर दोरा पुरना. चार बोटं कमी पडतोय. मग हात लावला न्हाय."

मी दोरा एप्रनच्या खिशात टाकला आणि रूपाला आत घेतलं. सोनोग्राफीत गुठळी दिसली, गुडघ्याच्या वर चढलेली. श्वास ठीक होता, छाती साफ होती. मोठ्या डोसची इंजेक्शनं लगेच सुरू केली. दुपारी रूपानं बाळाला पाजलं आणि मलाच विचारलं, "मी कधी चालायचं?" तिच्या आईनं चपला उचलून तिच्या पायांशी ठेवल्या.

शेवंताक्का तेवढा वेळ वॉर्डाच्या दारात वाटी जवळ घेऊन भिंतीला टेकून बसली होती. चहा दिला, घेतला नाही. मी बाहेर येऊन सांगितलं, धोका टळतोय, वेळेत आणलंस. तिनं मान हलवली, उठली, वाटी परत पिशवीत ठेवली. आणि माझ्यापुढं हात पसरला.

"दोरा दे माझा. अजून दोन घरं हायत."