सहावा मुद्दा

ऑफिसात त्यांना सगळे कानसाहेब म्हणत. जन्मापासून दिसत नसलं तरी वाचायची भूक दांडगी. कॉम्प्युटर फाइल वाचून दाखवायचा तो इतक्या वेगात, की शेजारच्याला नुसती गुणगुण ऐकू यावी. घरी एकटेच. वाचून दाखवणारी ताई लग्न होऊन गेली, तेव्हापासून माणसाच्या आवाजात पुस्तक असं ऐकलंच नव्हतं.

ग्रंथालयाने त्यांना टोकाच्या खोलीत बसवून काम दिलं होतं: एकच पुस्तक निरनिराळ्या फायलींत ऐकायचं आणि अंध वाचकाला कुठली सोयीची ते सांगायचं. वर्डमध्ये मथळे नीट लावलेले असले की या प्रकरणावरून त्या प्रकरणावर टुणकन जाता येई. ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, त्याहून गुणी. पीडीएफचा कारभार लहरी. कधी सरळ चाले, कधी तक्त्यातल्या रांगांचा पार काला करी. आणि पानांचे नुसते फोटो काढून केलेली पीडीएफ उघडली, की यंत्र थंडपणे म्हणे, "रिकामं पान." तीनशे पानांचं पुस्तक, तीनशे वेळा रिकामं. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं तेवढं यंत्रच. बाकीचे घोळक्याने चहाला जात आणि यांना बोलवायचं राहून जाई. त्याचं त्यांना फार वाईट वाटे, पण त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

चार महिन्यांनी अहवाल झाला आणि ग्रंथालयाच्या समितीकडे गेला. त्यांचा सगळा जीव सहाव्या मुद्द्यात अडकला होता: फोटोच्या फायली ग्रंथालयाने यापुढे घेऊ नयेत. बाकीचं समितीने खुशाल कापावं, एवढं राहावं.

समितीकडून अहवाल आला तो छापून, सह्या होऊन, स्कॅन होऊन. कानसाहेबांनी फाइल उघडली. "रिकामं पान," यंत्र म्हणालं. हसावं की रडावं, त्यांना कळेना.

तेवढ्यात विभागप्रमुख मॅडम मूळ कागद घेऊन आल्या. "कानसाहेब, तुमची तेवढी सही राहिलीय. टाका बरं पटकन."

"सहावा मुद्दा तेवढा वाचून दाखवता?"

"अहो, तुमच्या मनासारखंच आहे सगळं. बरं, ऐका. 'फोटोच्या फायली ग्रंथालयाने यापुढे घेऊ नयेत.'"

कानसाहेबांचा चेहरा खुलला. त्यांनी पेन उघडलं. "परत एकदा वाचा ना, मॅडम. बरं वाटतं ऐकायला."

मॅडमचा फोन वाजायला लागला होता. त्यांनी घाईघाईत वाचलं, "'फोटोच्या फायली ग्रंथालयाने यापुढे शक्यतो घेऊ नयेत.'"

यंत्र कितीही रुक्ष असलं तरी दोनदा वाचायला लावलं तर दोन्ही वेळा तेच वाचतं. कानसाहेबांनी विचारलं, "यातलं कागदावर कुठलं आहे?"

मॅडमनी फोन बंद केला. म्हणाल्या, "दुसरं. 'शक्यतो' समितीने घातलं. इतके खपलात तुम्ही, वाईट वाटेल म्हणून मी गाळलं हो ते."

कानसाहेबांनी सही न करताच पेनाला टोपण लावलं आणि कागद चाचपडत मॅडमकडे सरकवला. चार महिन्यांत त्या खोलीत त्यांच्यावर कुणी माया केली ती ही एवढीच, आणि ती त्यांना झेपेना.